एका फांदीवर तीन हंगाम

मुंबईत मशीद बंदरच्या सुक्यामेव्याच्या दुकानांत बदाम, काजू, मनुका, खारीक यांची पोती तोंडे उघडी टाकून बसलेली असतात. गिऱ्हाईक मूठभर माल उचलते, एखादा दाणा तोंडात टाकते, मग भाव विचारते. चिलगोजा मात्र असा सहज हाताला लागत नाही. तो असतो मालकाच्या पाठीमागच्या फळीवर, काचेच्या बरणीत. खजुराच्या बीपेक्षा बारीक, लांबट, चकचकीत तपकिरी आणि एका टोकाला निमुळता. भाव ऐकला की बहुतेक लोक पुन्हा बदामाकडे वळतात.

यात एक कोडे आहे. बदाम येतो कॅलिफोर्नियाहून, समुद्र ओलांडून. काजूचे मूळ घर ब्राझील. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला, कोकणात तो रुजला, आणि आज वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातली कलमे लावून शेतकरी तीन-चार वर्षांत बोंडू धरतो. चिलगोजा परका नाही. तो भारतातच, हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात, डोंगरउतारांवर आपोआप वाढतो. मग तो या सगळ्यांहून कितीतरी पट महाग का? आणि एवढा भाव मिळत असेल, तर कुणी त्याच्या बागा का लावत नाही?

उत्तर बाजारात सापडत नाही. ते आहे एका पाइन वृक्षाच्या वेळापत्रकात.

फळ नव्हे, नुसती बी

चिलगोज्याचे झाड पाइनच्या कुळातले. शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. हिमालयात फिरलेल्या कॅप्टन जेरार्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याची आठवण त्या नावात राहिली आहे. किन्नौरात त्याला ‘न्योजा’ म्हणतात. ‘चिलगोजा’ हा शब्द फारसी वळणाचा. ‘चेहेल’ म्हणजे चाळीस आणि ‘गोझा’ म्हणजे बोंड, एका बोंडात चाळीस दाणे, अशी त्याची फोड सांगितली जाते.

बोंड म्हटले तरी ते फळ नाही. आंब्याची कोय गरात लपलेली असते, बदामाची बी कवचाच्या आत आणि कवच हिरव्या सालीच्या आत. या झाडांना फूल येते, फुलातल्या अंडाशयाचे फळ होते आणि बी त्या फळात सुरक्षित राहते. पाइनला फूलही नाही आणि फळही नाही. त्याची बी लाकडी खवल्यांच्या शंकूत, खवल्यावर नुसती टेकलेली असते. म्हणून वनस्पतिशास्त्रात अशा झाडांना ‘अनावृतबीज’ म्हणतात, म्हणजे ज्यांची बी उघडी आहे अशी. दुकानदार चिलगोज्याला ‘ड्रायफ्रूट’ म्हणतो खरा, पण त्यात फळाचा अंशही नाही.

ही बी एकदा नीट पाहावी. टरफल पातळ असते, दातांत हलके दाबले की तडकते. आतला दाणा तुपकट पांढरा. नखाने किंवा सुरीच्या टोकाने तो उभा चिरला, तर मधोमध एक बारीक पोकळी दिसते आणि तीत काडीसारखा फिकट पिवळसर कोंब. ते भावी झाड. काडीचे एक टोक भिंगाखाली धरले तर तिथे मिटलेल्या बोटांसारखी काही पाती दिसतात. हरभऱ्याची डाळ दोन दलांची असते हे शाळेतच शिकलेले असते. पाइनच्या कोंबाला अशी दोनच दले नसतात, अनेक असतात. रोप उगवते तेव्हा ती छत्रीच्या काड्यांसारखी गोल उघडतात.

कोंबाभोवतीचा पांढरा गर ही त्याची शिदोरी. तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो आणि प्रथिनेही भरपूर. पण या शिदोरीची खरी गंमत वेगळी आहे. आपण बदाम खातो तेव्हा कोंबाची दलेच खातो. त्यांत नर आणि मादी दोघांचा वारसा असतो. नारळाचे खोबरेही फलनानंतर, दोघांच्या वाट्यातून घडते. पाइनचा गर मात्र निव्वळ आईचा. फलन होण्याआधीच ही ऊती बीजांडात आकार घेते आणि फलन पार पडले की तीत साठा भरू लागतो. वडिलांकडून येतो तो वारसा फक्त मधल्या काडीत.

मूठभर चिलगोज्यांत दोन-चार दाणे पोचट का निघतात, हेही इथे कळते. टरफल तयार व्हायला परागकण पोचणे पुरते. पुढे फलन फसले, किंवा झाडाचेच पराग त्याच झाडावर पडून झालेला दुबळा कोंब आतच मेला, तर टरफल तसेच राहते आणि आत काही नसते. दुकानदाराने फसवलेले नसते. हा वाऱ्याच्या भरवशावर चालणाऱ्या संसाराचा तोटा आहे.

दीड वर्षाचे गर्भारपण

त्या संसाराची सुरुवात मे-जूनमध्ये होते. बर्फ वितळते आणि चिलगोज्याच्या फांद्यांवर दोन प्रकारचे शंकू दिसू लागतात. पुं-शंकू लहान, मऊ आणि झुपक्यांनी येणारे. त्यांतून पिवळी भुकटी उडते. प्रत्येक परागकणाला दोन्ही बाजूंना हवेचे दोन चिमुकले फुगे असतात. त्यांच्यामुळे तो वाऱ्यावर तरंगतो.

स्त्री-शंकू त्या वेळी बोटाच्या पेराहूनही लहान असतो आणि फांदीच्या अगदी कोवळ्या टोकाशी असतो. त्याचे खवले किंचित उघडे. प्रत्येक पोसणाऱ्या खवल्याच्या बुडाशी दोन बीजांडे. बीजांडाच्या तोंडाशी दवासारखा चिकट थेंब येतो. वाऱ्याने आलेला कण त्या थेंबात अडकतो, थेंब आत ओढला जातो आणि कण बीजांडाशी पोचतो. मग खवले मिटतात, राळेने सांधे बुजतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, झाले काम.

काम तर आत्ता सुरू होते. आंब्याच्या मोहरात पराग पडला की फलन व्हायला फार वेळ लागत नाही आणि चार महिन्यांत फळ हातात येते. पाइनमध्ये परागकणातून फुटणारी परागनलिका इतक्या सावकाश वाढते की पहिला उन्हाळा संपतो, हिवाळा बर्फाखाली जातो आणि फलन होते ते पुढच्या वसंतात. त्यानंतर शंकू झपाट्याने फुगतो आणि दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतो. म्हणजे २०२५ च्या मे-जूनमध्ये ज्या शंकूत पराग पडला, त्याचे दाणे २०२६ च्या शरदात मिळणार. मध्ये एक आख्खा हिवाळा.

आता या वेळापत्रकाचा फांदीवर काय परिणाम होतो ते पाहा. सप्टेंबरात चिलगोज्याची एक फांदी जवळ ओढून घेतली तर गेल्या वर्षीच्या भागावर पिकायला आलेला मोठा शंकू असतो. चांगला वीतभर लांब, हिरवट, राळेने चिकट, खवल्यांची टोके आकड्यासारखी वळलेली. त्याच्या पुढे, यंदा फुटलेल्या कोवळ्या टोकाशी एक-दोन इवले तपकिरी गोळे दिसतात. ते पुढच्या वर्षीचे पीक. आणि त्या टोकाच्या कळीत, डोळ्यांना मुळीच न दिसणारे, त्याच्याही पुढच्या वर्षीच्या शंकूंचे अंकुर साधारण याच सुमारास घडू लागलेले असतात.

एका फांदीवर तीन हंगाम. पिकलेला, वाढता आणि कळीत दडलेला. चिलगोज्याची सारी कहाणी या एका फांदीभोवती फिरते.

पंख नसलेली बी आणि कावळ्याचा भाऊबंद

हिमालयातल्या इतर पाइनना बी पेरण्याची चिंता नसते. चीड घ्या, कैल घ्या. त्यांची बी लहान असते आणि तिला पातळ पंख असतो. शंकू उघडला की बी भिंगरीसारखी गिरक्या घेत दूर जाऊन पडते. चिलगोज्याची बी सुमारे दोन सेंटिमीटर लांब, तेलाने जड आणि पंख नावापुरता. तो बीला चिकटूनही राहत नाही. शंकू उघडला की ती सरळ झाडाखाली पडते, आईच्या सावलीत, खडकावर. तिथे उगवण्याची आशा थोडीच.

झाडाने हा जड माल बनवला कशाला? पाहणारे डोळे आणि वाहणारी चोच असेल तरच याचा अर्थ लागतो. जगभरच्या पंखहीन बियांच्या पाइनांचे आणि नटक्रॅकर नावाच्या पक्ष्यांचे जुने नाते आहे. हे पक्षी कावळ्याच्या कुळातले. त्यांची ठिपकेदार जात पश्चिम हिमालयातल्या सूचिपर्णी जंगलांत राहते. उत्तर अमेरिकेतल्या क्लार्क नटक्रॅकरचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे. त्याच्या जिभेखाली पिशवी असते. तीत बिया भरून तो मैलोन्‌मैल उडतो आणि दोन-चार, दोन-चार करून मातीत पुरतो. एका हंगामात एक पक्षी अशा हजारो बिया लपवतो आणि हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेक बरोबर शोधून काढतो. शास्त्रज्ञांनी प्रयोगात आजूबाजूच्या दगड-ओंडक्यांच्या खुणा थोड्या बाजूला सरकवल्या, तर पक्षीही तेवढाच सरकून चोच मारू लागला. त्याच्या डोक्यात जागांचा नकाशा होता.

त्याने खाल्लेल्या बिया गेल्या. पण काही विसरतात, काही राखीव राहून जातात, आणि त्या नेमक्या रुजायला हव्या तितक्या खोल मातीत असतात. झाडाच्या दृष्टीने ती पेरणीच.

माणसाने या व्यवहारात पाऊल टाकले आणि हिशेब बदलला. पक्षी बरेच खातो आणि थोडे पेरतो. माणूस सगळे नेतो.

पावसाच्या सावलीतले जंगल

हे झाड वाढते कुठे, तेही पाहायला हवे. पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तानचे डोंगर आणि भारताचा वायव्य हिमालय एवढाच त्याचा मुलूख, समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते ३,३५० मीटर उंचीवर. भारतात मुख्यतः किन्नौर, त्याखेरीज चंबा जिल्ह्यातले पांगी आणि भरमौर, आणि जम्मू-काश्मीरच्या काही दऱ्या.

महाराष्ट्राच्या वाचकाला ही जागा पटकन समजेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणदेशात पाचशेची मारामार असते. ढग डोंगराच्या अल्याड रिते होतात आणि पल्याड कोरडे वारे पोचतात. किन्नौरात हेच हिमालयाच्या मापाने घडते. सतलजच्या खोऱ्यातून वर जाताना वांगतूच्या पुढे पावसाळा विरत जातो. पुढचे डोंगर उघडे, दगडी, उभ्या उताराचे. तिथले पाणी येते ते मुख्यतः हिवाळ्यातल्या हिमवर्षावातून. बर्फ हळूहळू वितळते आणि खडकाच्या फटींत झिरपते.

त्या फटींत चिलगोजा मुळे घालतो. सुया तीन-तीनच्या जुडग्यात, ताठ आणि मेणचट, पाणी उडू न देणाऱ्या. खोडाची साल तर ओळखीची खूणच. तिचे पातळ पापुद्रे निघतात आणि खाली राखाडी-हिरव्या, रुपेरी रंगांचे ठिगळ उघडे पडते. रेकाँग पिओहून कल्प्याला चढणाऱ्या रस्त्यावर देवदाराच्या सोबतीने उभी असलेली ही झाडे सालीवरूनच ओळखता येतात.

जिथे दुसरे मोठे झाड तग धरत नाही, तिथे हे उभे राहते. सतलजच्या खोऱ्यात दरडी कोसळण्याचे भय कायमचे आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी इथे महामार्गावर दरड कोसळून २८ माणसे गेली. अशा प्रदेशात उतारावरची माती धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मुळाचे मोल दाण्याच्या भावाहून मोठे आहे.

कोरड्या, गार हवेत वाढ मात्र फार सावकाश होते. रोप पहिली काही वर्षे जमिनीवर जेमतेम दिसते. त्याचा सारा जोर खाली मूळ रोवण्यावर. झाड शंकू धरू लागेपर्यंत लावणाऱ्याचे वय उतरणीला लागते. बागा का लावत नाहीत, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. दुसरे असे, की दरवर्षी सारखे पीकही येत नाही. हापूस जसा एक वर्षाआड भरभरून धरतो, तसेच पाइनही कधी लगडून येतात आणि मग एक-दोन वर्षे हात आखडतात. कर्ज काढून लावावे असे हे झाडच नाही.

> चौकट : विकत घेताना
>
> बाजारात ‘पाइन नट’ या एकाच नावाखाली अनेक जातींचे दाणे येतात. कोरियन पाइनचा दाणा आखूड आणि तिकोनी असतो. पेस्तोसाठी नावाजलेला दाणा भूमध्य सागराकाठच्या स्टोन पाइनचा. चिलगोजा या दोघांहून लांब आणि सडपातळ.
>
> टरफलासकट घ्यावा. तेल भरपूर असल्याने सोललेला दाणा हवा लागली की लवकर खवट होतो. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावा. खवट वास आला तर खाऊ नये.

काढणी : कोयता नेमका कुठे लागतो?

किन्नौरात शंकू झाडावर उघडेपर्यंत कुणी थांबत नाही. उघडला की बी गळून दरीत जाते, किंवा पक्षी आणि खारी नेतात. म्हणून सप्टेंबरात, शंकू हिरवा आणि मिटलेला असतानाच, काढणी सुरू होते. माणसे झाडावर चढतात. खाली कधी शेकडो फूट खोल उतार. हातात लांब काठी, तिच्या टोकाला कोयत्यासारखा आकडा. शंकू फांदीला घट्ट धरलेला असतो, देठ आखूड आणि चिवट. आकडा अडकवून हिसका मारला की शंकू तुटतो. पण नुसता शंकू क्वचितच येतो. फांदीचे टोकही तुटून येते.

ते टोक म्हणजे पुढच्या वर्षीचे इवले गोळे आणि त्याच्या पुढच्या वर्षीची कळी.

खाली शंकूंचे ढीग लागतात. राळेने हात काळे होतात, कपडे खराब होतात. काही दिवस ढीग उन्हात राहिला की खवले सुटू लागतात, मग ठोकून-आपटून दाणे बाहेर काढतात, निवडतात, पोत्यांत भरतात. एक किलो चिलगोज्यामागे किती माणसांचे किती दिवस गेले आणि किती जणांनी जीव धोक्यात घातला, हे बरणीवर लिहिलेले नसते. भावातला मोठा हिस्सा या कष्टाचा आहे आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

जुन्या बुशहर संस्थानातल्या या गावांचा जंगलातल्या न्योज्यावर परंपरागत हक्क आहे. सफरचंदांच्या बागा येण्याआधी हिवाळ्याची बेगमी करायला रोख पैसा मिळायचा तो बहुतांशी याच दाण्यांतून. लग्नात, सणांत, मोठा पाहुणा आला की त्याच्या गळ्यात आजही चिलगोज्याच्या दाण्यांची माळ घालतात. ज्याला माळेचा मान दिला, त्याची किंमत त्या समाजाला ठाऊक आहे, हे उघड आहे.

तरीही फांद्या तुटतात. कारण अनेक गावे आपल्या वाट्याचे जंगल त्या हंगामापुरते ठेकेदाराला देतात. ठेकेदाराचे नाते एका सप्टेंबरपुरते. पुढच्या वर्षी तो असेल की दुसराच कुणी, याची खात्री नाही. मग वेळ वाचवायला फांदी तोडणे त्याला स्वस्त पडते. कोकणात खंडाने दिलेल्या हापूसच्या बागांची कथा फार वेगळी नाही. तिथेही दोन वर्षांचा करार असलेल्या माणसाने कल्टार या औषधाचा मारा करून झाड पिळून घेतल्याची तक्रार बागायतदार करतात. झाड म्हातारे होईपर्यंत सोबत राहणारा माणूस आणि एका हंगामाचा पाहुणा यांचे हात झाडावर वेगवेगळे पडतात.

जंगलात पोरे दिसत नाहीत

निरोगी जंगलात म्हातारी झाडे असतात, तरणी असतात आणि जमिनीवर भरपूर रोपे असतात. गावात सगळ्या वयांची माणसे असावीत तसे. चिलगोज्याच्या अनेक जंगलांत मोठी झाडे आहेत, पण रोपे हुडकावी लागतात. याचे कारण साधे आहे. जवळजवळ सगळी बी पोत्यांत भरून डोंगर उतरते. जी थोडी राहते ती पक्षी, उंदीर, खारी खातात. तरीही काही उगवलेच तर शेळ्या-मेंढ्या कोवळे शेंडे खुडतात. वर लागवड सोपी नाही आणि वाढ सावकाश.

अशी जंगले वरवर हिरवीगार दिसतात. पर्यटक फोटो काढतो तेव्हा त्याला काहीच बिघडलेले वाटत नाही. झाडे शतकांपर्यंत जगतात, त्यामुळे संकट उशिरा कळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, चिलगोजा पाइनची नोंद ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात केली आहे.

सीमेपलीकडची गोष्टही याच झाडाची आहे. चिलगोज्याचे सर्वांत मोठे जंगल पाकिस्तानात, बलुचिस्तानच्या शेरानी भागात, सुलेमान पर्वतावर आहे. मे २०२२ मध्ये तिथे वणवा लागला. कित्येक दिवस आग धुमसत होती, विझवायला गेलेल्या तीन स्थानिकांचा जीव गेला आणि शेवटी इराणहून अवजड विमान मागवून वरून पाणी टाकावे लागले. चीड पाइनची साल जाड असते, जमिनीवरून सरकणारी आग ती पुष्कळदा सोसते. चिलगोज्याची साल पातळ, आणि बुंध्यात राळ. आग लागली की बचाव नाही. वीस-पंचवीस वर्षांत भरून निघेल असे हे नुकसान नव्हे.

अफगाणिस्तानात खोस्त, पक्तिया, पक्तिका, कुनार अशा प्रांतांत चिलगोजा हा हजारो कुटुंबांचा आधार. नोव्हेंबर २०१८ मध्ये काबूलहून शांघायला चिलगोज्याचे पहिले मालवाहू विमान गेले आणि चीनसारखी प्रचंड बाजारपेठ थेट उघडली. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला ही आनंदाचीच गोष्ट. पण मागणी वाढली म्हणून परागनलिका भरभर वाढत नाही. पुरवठा झाडाच्या दीड वर्षाच्या वेळापत्रकानेच येतो, आणि फांद्या तुटल्या तर तोही नाही. मशीद बंदरच्या बरणीवरची किंमत इथे, या दोन गोष्टींच्या ओढाताणीत ठरते.

ज्यांचे जंगल, त्यांचा कौल

यावर काय करता येते? अभ्यासकांनी आणि वनखात्यांनी सुचवलेले उपाय अवघड नाहीत. लांब दांड्याला धारदार कात्री लावली तर फांदी न ओढता शंकूचा देठ कापता येतो. प्रत्येक झाडावर ठरावीक शंकू, विशेषतः उंचावरचे, सोडून द्यावेत म्हणजे पक्ष्यांना आणि जमिनीला वाटा मिळतो. जंगलाचा एखादा पट्टा आळीपाळीने काही वर्षे काढणीला आणि चराईला बंद ठेवावा. रोपवाटिकेत खोल पिशव्यांत रोपे वाढवून ती बर्फ वितळण्याच्या सुमारास लावावीत. पाकिस्तानात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने चिलगोजा जंगलांसाठी खास प्रकल्प हाती घेतला. त्यात गावसमित्या बांधणे आणि काढणीची सुधारित अवजारे देणे यांवर भर होता.

अवजारांपेक्षा समित्यांचे महत्त्व जास्त आहे. कात्री कुणीही विकत घेईल, पण पुढच्या वर्षीचा इवला शंकू वाचवायचा कुणी? ज्याला पुढच्या वर्षीही त्याच झाडाखाली उभे राहायचे आहे, तोच वाचवेल. मराठी वाचकाला याचे उदाहरण घरचेच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले आणि बांबू कधी, किती, कसा तोडायचा हे ग्रामसभा ठरवू लागली.

किन्नौरातही हाच कायदा चिलगोज्याच्या बाजूने उभा राहिला. काशंग जलविद्युत प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यांना लिप्पा गावाने वर्षानुवर्षे विरोध केला. बोगदे आणि सुरुंगांमुळे झरे आटतील, उतार खचतील, न्योज्याची झाडे जातील, ही त्यांची भीती. मे २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निर्णय दिला की प्रकल्पाला वनजमीन देण्याचा प्रश्न आधी संबंधित ग्रामसभांपुढे ठेवावा. २०२१ मध्ये, दरडींच्या त्या भीषण वर्षी, किन्नौरच्या तरुणांनी नव्या मोठ्या प्रकल्पांविरुद्ध ‘नो मीन्स नो’ ही मोहीम उभी केली. तिच्यातही चिलगोज्याचे जंगल हा मुद्दा पुन्हा पुन्हा येत राहिला. या गावांना विकास नको आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शंभर वर्षांत उभे राहिलेले झाड कागदावर ‘एक वृक्ष’ म्हणून मोजले जाते आणि त्याच्या बदल्यात कुठेतरी दुसरी रोपे लावल्याची नोंद होते, हा हिशेब त्यांना मान्य नाही. हे झाड किती सावकाश वाढते ते पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

शिमल्याहून किन्नौर-स्पितीकडे जाणारे मराठी प्रवासी आता पुष्कळ आहेत. त्यांतले काही दिवाळीच्या सुट्टीत जातात. तोवर काढणी उरकलेली असते आणि रेकाँग पिओच्या बाजारात नवा चिलगोजा आलेला असतो. तिथे घेतलात तर शक्यतो गावकऱ्याकडून घ्या, भावात फार घासाघीस करू नका आणि शंकू कसे काढले तेही विचारा. मग कल्प्याच्या रस्त्यावर एखाद्या ठिगळ्या सालीच्या झाडापाशी गाडी थांबवा आणि हाताच्या उंचीवरच्या फांदीचे टोक पाहा. तिथे सुयांच्या जुडग्यात तपकिरी, बोटाच्या पेराएवढे गोळे दिसले, तर पुढच्या सप्टेंबरचे पीक जागेवर आहे.